आपोआप पाणी कमी-जास्त करणारे सिंचन कंट्रोलर : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाणी देण्याचं काम टायमरवर सोपवलं की दोन तक्रारी हमखास ऐकू येतात : पाऊस पडत असतानाही फवारे चालू होते, आणि ऐन उन्हात झाडं मात्र सुकली. हवामान किंवा जमिनीतली ओल पाहून स्वतःचं वेळापत्रक बदलणारे कंट्रोलर या दोन्हींवर उपाय आहेत. ते पाणी वाचवतात, पण ते कधी आणि कशामुळे वाचतं हे नीट समजून घ्यावं लागतं. म्हणून खालची काही उत्तरं मुद्दाम सविस्तर दिली आहेत.

साधा टायमर आणि हा कंट्रोलर यांत नेमका फरक काय?

टायमर फक्त घड्याळ पाहतो. सोमवार, बुधवार, शुक्रवार, पहाटे पाच वाजता, प्रत्येक विभागाला (एका व्हॉल्व्हवरच्या बागेच्या भागाला) दहा मिनिटं असं एकदा सांगितलं की कोणी बदलेपर्यंत तेच चालू राहतं. आणि सहसा कोणी बदलत नाही. बहुतेक टायमर वर्षातल्या सर्वांत कडक उन्हाच्या हिशोबाने लावलेले असतात, कारण सुकलेलं झाड लगेच नजरेत भरतं. जास्तीचं पाणी मुळांखाली निघून जातं ते कोणालाच दिसत नाही. ढग आले, ऊन उतरलं, दिवस लहान झाला, तरी व्हॉल्व्ह तेवढाच वेळ उघडा.

आपोआप बदलणारा कंट्रोलर पाण्याच्या मागच्या पाळीपासून झाडांनी किती पाणी वापरलं याचा हिशोब करतो किंवा मुळांजवळची ओल थेट मोजतो. त्यावरून पाळी द्यायची की नाही आणि दिली तर किती वेळ, हे ठरवतो. पाइप, व्हॉल्व्ह, फवारे तेच राहतात. बागेतले सोलेनॉइड व्हॉल्व्ह (विजेने उघडणारे-मिटणारे) बहुधा २४ व्होल्ट एसीवर चालणारे असतात, त्यामुळे जुना टायमर काढून त्याच तारा नव्या कंट्रोलरला जोडता येतात. बॅटरीवर चालणाऱ्या व्हॉल्व्हची जात वेगळी असते. तिथे खरेदीआधी दोन्हींचा मेळ बसतो का ते पाहा.

झाडांना किती पाणी लागलं हे त्याला कसं कळतं?

जमिनीतलं पाणी दोन वाटांनी हवेत जातं : मातीच्या पृष्ठभागावरून वाफ होऊन आणि पानांतून. या दोन्हींची बेरीज म्हणजे बाष्पपर्णोत्सर्जन. ते मुख्यतः ऊन, तापमान, हवेतली आर्द्रता आणि वारा या चार गोष्टींवर ठरतं. हॉवर्ड पेनमन यांनी १९४८ साली यासाठी समीकरण मांडलं, जॉन माँटीथ यांनी १९६५ मध्ये त्यात पानांतून पाणी बाहेर पडताना झाडाकडून होणाऱ्या अडथळ्याचा विचार घातला, आणि संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने १९९८ मध्ये आपल्या ५६ क्रमांकाच्या सिंचन पुस्तिकेत हीच पद्धत प्रमाण मानली. १२ सेंटिमीटर उंचीचं, पाण्याची ददात नसलेलं एकसारखं गवत त्या दिवशी किती पाणी वापरेल, हा संदर्भ आकडा त्यातून मिळतो. प्रत्यक्ष झाडासाठी त्याला पीक गुणांकाने गुणायचं. उष्ण हवेत वाढणाऱ्या हिरवळीच्या गवतासाठी हा गुणांक ०.८५ च्या आसपास धरतात, थंड हवेत वाढणाऱ्या गवतासाठी ०.९५ च्या आसपास.

आकडा मिलिमीटरमध्ये येतो, पण त्याचे लिटर करणं अगदी सोपं आहे : एका चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे बरोबर १ लिटर. कडक उन्हाच्या दिवशी संदर्भ आकडा ६ मिलिमीटर असेल तर १०० चौरस मीटर हिरवळीची गरज ६ गुणिले ०.८५ म्हणजे ५.१ मिलिमीटर, म्हणजेच ५१० लिटर. ढगाळ, दमट दिवशी तोच आकडा ३ वर आला की गरज २५५ लिटर. फवाऱ्यातून सोडलेल्या पाण्यापैकी ७५ टक्के मुळांपर्यंत पोहोचतं असं धरलं, तर सोडायचं पाणी अनुक्रमे ६८० आणि ३४० लिटर होतं. एकाच जागी, एकाच गवतासाठी, हवा बदलली एवढ्यावर निम्म्याचा फरक पडतो. घड्याळ हा फरक पाहू शकत नाही.

कंट्रोलर हे सगळं बँकेच्या खात्यासारखं लिहीत जातो. पाऊस आणि सिंचन जमा, झाडांनी वापरलेलं पाणी खर्च. शिल्लक ठरावीक रेषेखाली आली की पाळी.

हवामानाची माहिती त्याला मिळते कुठून?

काही कंट्रोलर जागेवरच बसवलेल्या छोट्या सेन्सरवरून ऊन, तापमान आणि पाऊस मोजतात. काही इंटरनेटवरून जवळच्या हवामान केंद्रांची आकडेवारी घेतात. काहींमध्ये त्या भागाच्या महिनावार सरासरीचे आकडे आधीच भरलेले असतात आणि रोजच्या तापमानावरून ते थोडे वरखाली केले जातात.

जिथे वीस किलोमीटरवरचं हवामान आपल्यासारखंच असतं, तिथे इंटरनेटवाला पुरतो. डोंगरउतार, समुद्रकिनारा, उंच इमारतींच्या सावलीतली जागा, किंवा एका गल्लीत पाऊस आणि शेजारच्या गल्लीत कोरडं अशी परिस्थिती असेल, तर निदान पावसाचा सेन्सर तरी जागेवरच हवा. पाऊस हा आकडा असा आहे की तो चुकला तर बाकीची गणितं कितीही अचूक असली तरी निकाल चुकतो.

ओलावा सेन्सरवर चालणारा कंट्रोलर वेगळा कसा? दोन्हींत कोणता घ्यावा?

हवामानावर चालणारा कंट्रोलर अंदाज बांधतो. ओलावा सेन्सरवाला मातीलाच विचारतो. हल्लीचे बरेच सेन्सर मातीचा विद्युत गुणधर्म मोजतात. हा गुणधर्म म्हणजे डायइलेक्ट्रिक स्थिरांक; पाण्याचा तो ८० च्या आसपास असतो, कोरड्या मातीचा ३ ते ५ आणि हवेचा १, म्हणून माती थोडी जरी ओली झाली तरी वाचन ठळकपणे बदलतं. दुसरा जुना आणि विश्वासाचा प्रकार टेन्शिओमीटरचा. त्यात मुळांना पाणी ओढायला किती जोर लावावा लागतो ते कळतं. साधारण ८० सेंटीबारच्या (या ओढीच्या मापाच्या) पुढे त्यात हवा शिरते आणि वाचन निरुपयोगी होतं, त्यामुळे खूप कोरड्या राहणाऱ्या जमिनीत तो चालत नाही.

माझं मत असं : एकाच प्रकारची माती, एकाच प्रकारची लागवड आणि वारंवार पडणारा पाऊस असेल तर ओलावा सेन्सर उत्तम. पावसाने खरोखर जमिनीत किती मुरलं, याचं उत्तर त्याच्याइतकं सरळ दुसरं कोणी देत नाही. बागेत मात्र सावलीतला कोपरा, उन्हातला उतार, हिरवळ, झुडपं, फळझाडं अशी सरमिसळ असेल, तर प्रत्येक विभागात सेन्सर पुरत बसण्यापेक्षा हवामानावर चालणारा कंट्रोलर घ्यावा आणि प्रत्येक विभागाची माहिती नीट भरावी. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेची ‘वॉटरसेन्स’ नावाची पाणीबचतीची योजना आहे. तिने हवामानावर चालणाऱ्या कंट्रोलरसाठी २०११ मध्ये आणि ओलावा सेन्सरवर चालणाऱ्यांसाठी २०२१ मध्ये निकष ठरवले. असे निकष पार केलेलं उपकरण निवडलं तर निदान गणिताची बाजू तपासलेली असते.

खरोखर किती पाणी वाचतं?

या प्रश्नाला एकच टक्केवारी सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. आधी किती पाणी दिलं जात होतं, यावर सगळं अवलंबून आहे.

दोन अभ्यास शेजारी ठेवले की हे स्पष्ट होतं. कॅलिफोर्नियात हवामानावर चालणारे कंट्रोलर बसवलेल्या २,२९४ ठिकाणांचा आढावा २००९ मध्ये प्रसिद्ध झाला. तिथे बाहेरच्या पाणीवापरात सरासरी घट निघाली जेमतेम ६ टक्के. त्यातही सुमारे ४२ टक्के ठिकाणी वापर उलट वाढला होता. याउलट फ्लोरिडात, जिथे पाऊस भरपूर आणि टायमर मात्र पावसाकडे न पाहता चालू, तिथल्या घरांमध्ये ओलावा सेन्सर बसवल्यावर साध्या टायमरच्या तुलनेत सिंचनाचं पाणी ६५ टक्क्यांनी कमी झालं.

तंत्रज्ञान एका ठिकाणी चांगलं आणि दुसरीकडे वाईट, असा अर्थ यातून काढू नये. कंट्रोलरचं काम झाडाला गरजेइतकं पाणी देणं हे आहे. गरजेच्या दुप्पट देणाऱ्याकडे तो पाणी निम्मं करतो. गरजेपेक्षा कमी देऊन, थोडी पिवळी हिरवळ खपवून घेणाऱ्याकडे तो पाणी वाढवतो, आणि तेही त्याच्या दृष्टीने बरोबरच असतं. म्हणून बचत हवी असेल तर हे कंट्रोलर आधी तिथे बसवायला हवेत जिथे पाण्याची उधळण चालू आहे : मोठ्या हिरवळी, इमारतींची सामाईक आवारं, सार्वजनिक बागा, खेळाची मैदानं. पाणी जपून वापरणाऱ्या घराला त्याची फारशी गरज नसते.

बसवल्यावर माझा पाणीवापर वाढला. कंट्रोलर बिघडला आहे का?

बहुधा नाही. आधी वरचं कारण तपासा : तुम्ही पूर्वी गरजेपेक्षा कमी पाणी देत होता का? झाडं तेव्हा तुमच्या दृष्टीने ठीक दिसत असतील तर कंट्रोलरमधली टक्केवारी कमी करून टाका. बहुतेक उपकरणांत विभागवार ‘एकूण गरजेच्या इतके टक्के’ अशी सोय असते. रुजलेली हिरवळ आणि जुनी झुडपं पूर्ण गरजेपेक्षा कमी पाण्यावरही तग धरतात. वाढ थोडी मंदावते इतकंच. १०० वरून ८० वर या, दोन-तीन आठवडे पाहा, मग पुढे ठरवा.

दुसरं सर्वसाधारण कारण चुकीच्या माहितीचं असतं. मातीचा प्रकार, फवाऱ्याचा वेग, झाडांचा प्रकार या जागी कंपनीने भरलेले आकडे तसेच सोडले, तर कंट्रोलर कुठल्यातरी काल्पनिक बागेला पाणी देत राहतो.

मग कोणती माहिती भरायची आणि ती शोधायची कशी?

सगळी बचत या एका कामावर उभी आहे, म्हणून यासाठी एक सकाळ राखून ठेवा.

पहिली गोष्ट माती. मुळांच्या खोलीवरची मूठभर माती ओली करून बोटांमध्ये दाबा. खरखरीत लागली आणि गोळा टिकला नाही तर वाळूची. लांब, लवचीक पट्टी निघाली तर चिकणमाती. मध्येच मोडणारी आखूड पट्टी निघाली तर पोयट्याची. यावरून दोन गोष्टी ठरतात : माती पाणी किती धरून ठेवते आणि किती वेगाने आत घेते. पोयट्याची जमीन एक मीटर खोलीत झाडाला घेता येईल असं साधारण १५० मिलिमीटर पाणी धरते. वाळूची त्याच्या निम्म्याच्या आसपास. पाणी आत घेण्याचा वेग वाळूत ताशी ३० मिलिमीटरहून जास्त, पोयट्यात १० ते २०, आणि चिकणमातीत फक्त १ ते ५.

दुसरी गोष्ट फवारे ताशी किती मिलिमीटर पाणी टाकतात. ते मोजायला सरळ बाजूंचे, एकसारखे दहा-वीस डबे विभागात सगळीकडे सारख्या अंतरावर ठेवा, फवारे पंधरा मिनिटं चालवा आणि प्रत्येक डब्यातलं पाणी पट्टीने मोजा. सरासरीला चारने गुणलं की ताशी वेग मिळतो. स्थिर फवाऱ्यांचा वेग ४० मिलिमीटरच्या आसपास असू शकतो, फिरत्या धारांच्या नोझलचा (फवाऱ्याच्या तोंडाचा) १० ते १२. दोन्हींची सरमिसळ एकाच विभागात असेल तर कोणताही कंट्रोलर त्या विभागाला न्याय देऊ शकत नाही. आधी नोझल एकसारखे करा.

त्याच डब्यांवरून तिसरी आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाची गोष्ट कळते : पाणी सगळीकडे सारखं पडतं का? सर्वांत कमी भरलेल्या एक चतुर्थांश डब्यांची सरासरी काढा आणि तिला एकूण सरासरीने भागा. एकूण सरासरी १० मिलिमीटर आणि कोरड्या कोपऱ्यांची ६ असेल तर उत्तर येतं ०.६. आता त्या कोरड्या कोपऱ्यात पुरेसं पाणी पोहोचवायचं म्हटलं तर सगळा विभाग १.६७ पट वेळ चालवावा लागतो, आणि बाकी बागेला गरज नसताना दीडपटीहून जास्त पाणी मिळतं. ही उधळण कंट्रोलरच्या हातात नाही. वाकडे फवारे सरळ करणं, गवतात बुडालेले वर उचलणं, दाब जास्त असल्यामुळे धुकं उडत असेल तर दाब नियंत्रक बसवणं, तुंबलेले नोझल साफ करणं, ही कामं माणसालाच करावी लागतात. कंट्रोलर घ्यायला निघाला असाल आणि हा आकडा ०.६ च्या खाली असेल, तर आधी फवाऱ्यांवर खर्च करा.

बाकी राहिलं ऊन-सावली, उतार आणि झाडांचा प्रकार. ते पाहून भरता येतं.

आधी रोज दहा मिनिटं पाणी द्यायचो. आता तीन-तीन दिवस काहीच चालू होत नाही. झाडं मरणार नाहीत ना?

ही भीती जवळपास प्रत्येकाला वाटते, आणि याच आठवड्यात बरेच जण कंट्रोलर बंद करून पुन्हा टायमरवर जातात. त्याआधी हे गणित पाहा.

पोयट्याच्या जमिनीत हिरवळीची मुळं २० सेंटिमीटर खोल आहेत असं धरू. तेवढ्या थरात झाडाला घेता येणारं पाणी ३० मिलिमीटर. त्यातलं निम्मं संपेपर्यंत गवताला ताण जाणवत नाही, असं सर्वसाधारणपणे मानतात. म्हणजे हाताशी १५ मिलिमीटर. कडक उन्हात रोज ५.१ मिलिमीटर जात असेल तर ते तीन दिवस पुरतं. ढगाळ हवेत २.५५ जात असेल तर जवळपास सहा दिवस. कंट्रोलर हेच करतो : निम्मं संपू देतो आणि मग मुळांचा सगळा थर एकदम भिजवतो.

रोजच्या दहा मिनिटांचा हिशोबही करून पाहा. ४० मिलिमीटर वेगाच्या फवाऱ्याने दहा मिनिटांत ६.७ मिलिमीटर पडतं, त्यातलं ५ उपयोगी येतं. कडक उन्हात ते गरजेइतकं आहे, ढगाळ दिवसांत गरजेच्या दुप्पट. शिवाय रोज थोडं थोडं पाणी मिळालं की वरचाच थर ओला राहतो, त्यातून वाफही जास्त होते, आणि मुळांना खाली जायचं कारण उरत नाही. दोन पाळ्यांमध्ये जमीन वाफशावर आली, म्हणजे जास्तीचं पाणी निथळून तिच्यात हवा खेळली, की मुळं खोल जातात. त्यानंतर एखादी पाळी चुकली तरी झाड डगमगत नाही.

मनातली शंका घालवायला यंत्राकडे पाहण्यापेक्षा जमिनीत स्क्रू-ड्रायव्हर खुपसा. ओल्या जमिनीत तो सहज जातो. वरचे दोन सेंटिमीटर कोरडे आणि खाली ओल असेल तर सगळं ठीक चाललं आहे.

कंट्रोलर एकच पाळी तीनदा थांबून थांबून का देतो?

जमिनीला पाणी पिता यावं म्हणून. वरच्याच उदाहरणात १५ मिलिमीटर मुळांपर्यंत पोहोचवायला २० मिलिमीटर सोडावं लागतं, म्हणजे त्या फवाऱ्याने ३० मिनिटं. पण पोयट्याची जमीन ताशी १० ते २० मिलिमीटरच आत घेते आणि फवारा ४० टाकतो. सलग ३० मिनिटं चालवलं तर पाणी वाहून रस्त्यावर जाईल. म्हणून दहा मिनिटं पाणी, मग अर्धा-पाऊण तास मुरायला वेळ, पुन्हा दहा मिनिटं. चिकणमातीत आणि उतारावर तुकडे आणखी छोटे असतात. ही सोय कधीही बंद करू नका.

ओलावा सेन्सर कुठे आणि किती खोल पुरायचा?

मुळांच्या थराच्या मध्यावर. हिरवळीसाठी साधारण ८ ते १० सेंटिमीटर, झुडपांसाठी त्याहून खोल. जागा अशी निवडा जी सगळ्या विभागाचं प्रतिनिधित्व करेल : फवाऱ्याच्या अगदी बुडाशी नको, भिंतीलगत नको, पाणी साचणाऱ्या खळग्यात नको, पायवाटेखाली तुडवल्या जाणाऱ्या जागी तर नकोच. ठिबक असेल तर ड्रिपरच्या (थेंब सोडणाऱ्या तोंडाच्या) ओल्या गोलाच्या आत, पण थेंबाच्या थेट खाली नाही.

सेन्सरभोवती माती घट्ट बसली पाहिजे. हवेची पोकळी राहिली तर तो जमीन कायम कोरडीच सांगतो आणि पाणी सुरूच राहतं. कोणत्या वाचनाला थांबायचं, ही रेषा ठरवायची रीत अशी : विभाग भरपूर भिजवा, निचरा व्हायला एक दिवस द्या, चिकणमाती असेल तर दोन, आणि त्यावेळचं वाचन ‘पूर्ण भरलेलं’ म्हणून नोंदवा. वाचन त्याच्या थोडं खाली असेल तेव्हाच पाळी सुरू होऊ द्या.

चांगला पाऊस झाला, तरी दोन दिवसांनी फवारे चालू झाले. असं का?

कारण पडलेला सगळा पाऊस झाडांच्या कामी येत नाही. जमिनीत १२ मिलिमीटरची जागा रिकामी असताना तासाभरात ४० मिलिमीटर कोसळला, तर जास्तीत जास्त १२ जमा होतो. बाकीचा वाहून जातो किंवा मुळांखाली उतरतो. चांगला कंट्रोलर तेवढेच १२ धरतो. पुढे दोन-तीन दिवस कडक ऊन पडलं की पाळी पुन्हा लागू शकते.

पाऊस चालू असताना फवारे सुरू झाले तर मात्र ते बरोबर नाही. पावसाचा सेन्सर झाडाच्या फांदीखाली किंवा वळचणीला आला आहे का ते पाहा. साध्या सेन्सरमध्ये ओल्या झाल्यावर फुगणाऱ्या चकत्या असतात. त्या जुन्या झाल्या की काम सोडतात आणि बदलाव्या लागतात.

उद्याच्या पावसाच्या अंदाजावर पाळी पुढे ढकलण्याची सोयही अनेक कंट्रोलरमध्ये असते. एखाद-दुसरा दिवस ढकलायला ती चांगली आहे. न पडलेला पाऊस जमेला धरणारं उपकरण मात्र टाळावं.

ठिबकवर हे कंट्रोलर चालतात का?

चालतात. मात्र ड्रिपर लिटरमध्ये बोलतो आणि कंट्रोलर मिलिमीटरमध्ये, तेवढं रूपांतर करून द्यावं लागतं. ताशी २ लिटरचे ड्रिपर ४० सेंटिमीटरवर आणि ओळी ५० सेंटिमीटरवर असतील, तर प्रत्येक ड्रिपरच्या वाट्याला ०.२ चौरस मीटर जमीन येते. २ भागिले ०.२, म्हणजे ताशी १० मिलिमीटर.

सुट्या झाडांसाठी पानांच्या छत्रीखालची जमीन धरा. छत्री ४ चौरस मीटरची, संदर्भ आकडा ५ मिलिमीटर, गुणांक ०.८, तर दिवसाची गरज १६ लिटर. ठिबकची कार्यक्षमता ९० टक्के धरली तर सोडायचं पाणी सुमारे १८ लिटर. चार ड्रिपर ताशी ४ लिटरचे असतील तर ६७ मिनिटं.

ठिबकमध्ये सगळा डोलारा फिल्टरवर असतो. निम्मे ड्रिपर तुंबलेले असतील तर हिशोब कागदावर बरोबर आणि झाडं तहानलेली, असं होतं. फिल्टर आणि लॅटरलची (ड्रिपर बसवलेल्या नळ्यांची) टोकं नियमित धुवा.

कुंड्या आणि नवीन रोपांचं काय?

दोन्हींना वेगळा विभाग द्या. कुंडीत माती थोडी असते, ती तापते लवकर आणि पाण्याचा साठाही जेमतेम, त्यामुळे जमिनीसाठी केलेलं गणित तिथे लागू पडत नाही. नव्या रोपांची मुळं अजून त्यांच्या मूळच्या गोळ्यातच असतात, म्हणून रुजेपर्यंत वारंवार आणि थोडं पाणी लागतं. बऱ्याच कंट्रोलरमध्ये ‘नवीन लागवड’ अशी वेगळी निवड असते. रुजल्यावर ती आठवणीने बदला.

शेतात वापरता येईल का?

तत्त्व तेच आहे. किंबहुना ते शेतीतूनच बागेत आलं. फरक एवढा की पिकाचा गुणांक हंगामभर बदलतो : उगवणीनंतर कमी, पीक जमीन झाकू लागलं की चढता, भर वाढीत सर्वांत जास्त, पक्वतेकडे पुन्हा उतरता. बागेसाठी बनवलेल्या साध्या कंट्रोलरमध्ये एकच आकडा ठरलेला असतो, तो शेतात कामाचा नाही. पिकाची अवस्था भरता येईल किंवा ओलावा सेन्सर जोडता येईल असंच उपकरण हवं. सेन्सर दोन खोलींवर ठेवा, एक मुळांच्या थरात आणि एक त्याच्या खाली. खालच्या सेन्सरवर प्रत्येक पाळीनंतर ओल वाढताना दिसली तर पाणी आणि त्याबरोबर विरघळलेलं खतही मुळांच्या हाताबाहेर जात आहे. एक हेक्टरवर १ मिलिमीटर जास्तीचं पाणी म्हणजे १०,००० लिटर, त्यामुळे शेतात छोटी दुरुस्तीही मोठी ठरते.

पाणी खारं असेल किंवा पुनर्वापराचं असेल तर?

अशा पाण्याबरोबर क्षार येतात. पाणी झाड पितं, क्षार मुळांशी साठतात. ते खाली ढकलण्यासाठी गरजेपेक्षा थोडं जास्त पाणी अधूनमधून द्यावंच लागतं. जोराचा पाऊस हे काम फुकट करतो. तो नसेल तर कंट्रोलरमध्ये तेवढी वाढ धरा आणि जमिनीचा निचरा चांगला आहे याची खात्री करा. इथे अगदी मोजून-मापून पाणी देणं नुकसानीचं ठरतं. काही विद्युत पद्धतीचे ओलावा सेन्सर क्षारयुक्त जमिनीत फसतात, हेही लक्षात असू द्या.

पाणीकपातीत ठरावीक वारीच पाणी द्यायची परवानगी असते. तेव्हा?

मनाईचे दिवस आणि तास कंट्रोलरमध्ये भरता येतात. मग तो परवानगीच्या दिवशी तोपर्यंतची तूट भरून काढतो. वाळूच्या जमिनीत मात्र पुढच्या परवानगीच्या दिवसापर्यंत पुरेल इतका साठा मुळांपाशी मावत नाही. तिथे दोन परवानगीच्या दिवसांत फार अंतर असेल तर आच्छादन आणि सावली यांचाच आधार घ्यावा लागतो.

तो गळती पकडतो का?

एकटा नाही. प्रवाहमापक आणि मुख्य व्हॉल्व्ह जोडला तर पकडतो. प्रत्येक विभागाचा नेहमीचा प्रवाह तो लक्षात ठेवतो. फवाऱ्याचं तोंड तुटून धार लागली की प्रवाह अचानक वाढतो आणि कंट्रोलर तो विभाग बंद करून कळवतो. प्रवाह कमी झाला तर कुठेतरी तुंबलं आहे. सगळे विभाग बंद असताना मापक फिरत असेल तर व्हॉल्व्ह गळतो आहे. फवारे पहाटे चालतात, कारण तेव्हा वारा आणि ऊन कमी असतं. पण त्यामुळेच तुटलेला फवारा महिनोन् महिने कोणाच्या नजरेला पडत नाही. मोठ्या आवारासाठी माझ्या मते प्रवाहमापक अत्यावश्यक आहे.

वीज किंवा इंटरनेट गेलं तर?

वीज गेली की व्हॉल्व्ह बंद राहतात. भरलेली माहिती बहुतेक उपकरणांत टिकते. इंटरनेट गेलं तर काही कंट्रोलर शेवटच्या वेळापत्रकावर चालू राहतात, काही मागच्या हवामानाच्या सरासरीवर. घेण्याआधी हा प्रश्न विक्रेत्याला नक्की विचारा.

बचत झाली की नाही हे कसं मोजायचं?

मागच्या वर्षीच्या बिलाशी सरळ तुलना करू नका. यंदा पाऊस जास्त झाला असेल तर टायमर लावणाऱ्यालाही कमी बिल येईल, निदान त्याने तो पावसात बंद केला असेल तर. शक्य असेल तर बागेच्या नळीवर वेगळा मीटर बसवा. महिन्याचं वापरलेलं पाणी लिटरमध्ये लिहा आणि सिंचनाखालच्या क्षेत्राच्या चौरस मीटरने भागा, म्हणजे मिलिमीटर मिळतील. त्याच महिन्याचं बाष्पपर्णोत्सर्जन गुणिले गुणांक, त्यातून उपयोगी पाऊस वजा, म्हणजे झाडांची गरज. फवाऱ्यांची कार्यक्षमता ७५ टक्के असेल तर दिलेलं पाणी गरजेच्या साधारण १.३ पट येणं रास्त आहे. ते दोन पटीच्या जवळ गेलं तर पुन्हा डबे मांडून पाणी सारखं पडतं का पाहा, मातीचा प्रकार तपासा, व्हॉल्व्ह गळत नाही ना ते बघा. आकडा १ च्या खाली असेल आणि झाडं टवटवीत असतील तर कदाचित मुळं खोल गेली आहेत, किंवा गुणांक जास्त भरला गेला आहे; टक्केवारी आणखी पाच-दहाने उतरवून पाहायला हरकत नाही. ही नोंद किमान एक पूर्ण वर्ष ठेवा, म्हणजे सगळे ऋतू तिच्यात येतात.